चौथ्या वेळची खुर्ची

कुलर बंद केल्याशिवाय चेलो ऐकू येत नाही.
म्हणून मानेवाड्यातल्या या खोलीत, मे महिन्यात,
क्लिनिकला सुट्टी असली की दुपारी दोन ते चार
मी वाळ्याचा वास थांबवते,
हेडफोन चढवते
आणि कोपरावरून घाम पट्ट्यांवर गळेपर्यंत
सोळा व्हायोलिनं निवडत बसते.

कुठल्याशा थंड देशात, दगडी सभागृहात
ती वाजली. एकेक सूर सुटा,
हळू, जोरात, गज उडवून, गज दाबून.
मग वाजवणारे घरी गेले.
जे उरलं ते विकायला आहे:
बावीस हजार. शुक्रवारी रात्री बारापर्यंत अठरा.
खाणीवरच्या माहितीपटाचे मला मिळणार पंधरा,
तेही निम्मे नंतर.

"काहून पैसे घालून ऱ्हायली?" प्रज्योत गजभिये म्हणतो.
सीताबर्डीत तो कीबोर्ड दुरुस्त करतो,
बोटांना कायम डागाचा वास.
"डिस्क आण, फुकट भरून देतो."
मी म्हणते, आणि त्या चेलोवाल्याचं काय?
"तो कवाचाच रिटायर झाला असंन."

डेमो तीनदा ऐकला.
कुणी खोकलं नाही, कुणी पान उलटलं नाही.
एका सुरावरून दुसऱ्यावर जायच्या वाटाही
त्यांनी मोजून भरून ठेवल्यात,
सगळे पूल बांधून तयार;
फक्त नदीत पाय घालता येत नाही.
मींड हवी तर डाव्या अंगठ्याने चाक ढकला,
सोळाच्या सोळा जण एकदम प्यायल्यासारखे घसरतात.
नव्वद जीबी. माझ्या लॅपटॉपला
नुसतं व्हायोला म्हटलं तरी धाप लागते.

जुना संच आहे माझ्याकडे,
सात वर्षांपूर्वीच्या दिवाळी बोनसचा.
त्यात प्रत्येक सूर चार वेळा वाजवून ठेवलाय,
यंत्र ठोकल्यासारखं वाटू नये म्हणून.
पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, परत पहिला.
चेलोच्या खालच्या रे वर
चौथ्या वेळी
खुर्ची करकरते.

सात वर्षं मी ती करकर झाकत आले,
वर झांज टाकून, खाली तबला टाकून.
बाईची खुर्ची असेल की बाप्याची, माहीत नाही.
भूक लागली असेल. बस चुकत असेल.
तीन वेळा नीट बसून
चौथ्यांदा माणूस जरासा हलला, एवढंच.

माहितीपटात सातव्या मिनिटाला
कामठीकडच्या जुन्या खाणीत पाळणा उतरतो.
तिथे मी रे ठेवला. चार वेळा.
झाकायला काही सापडेना,
काळोखावर झांज कशी टाकायची?

बुधवारी खोलीत दाखवलं. दिग्दर्शक मोबाइल बघत होता.
झिंगरूजी उईके, एकतीस वर्षं खाणीत काढलेले,
पडद्यावर आपलाच हात बघत बसले होते.
चौथा रे आला
आणि ते खुर्चीतून अर्धे उठले.

"टेकू बोलला," म्हणाले.

कुणाला कळलं नाही. मग त्यांनीच सांगितलं,
छताला लाकडाचे टेकू असायचे.
वजन आलं की आधी लाकूड बोलायचं.
"बोललं की पळाचं. ज्याले ऐकू नाही आलं
तो तिथंच ऱ्हायला."
मग पाणी मागितलं,
मला विचारलं, "तुम्ही कवा गेल्ता खाली?"

मी म्हणाले, नाही गेले. खुर्ची आहे ती.
"कोणाची?"
मला सांगता आलं नाही.

शुक्रवारी कार्ड काढून टेबलावर ठेवलं होतं.
साडेअकराला रे दाबला. एक, दोन, तीन.
चौथा नाही दाबला.
बारा कधी वाजले लक्षात आलं नाही,
गजभियेचा मेसेज होता: घेतला का मग?
उठून कुलर लावला.
गरम हवा आली.
पाणी भरायचं राहिलं होतं.